मुलांचे इंग्रजी आणि घरचे व्याकरण



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'प्राथमिक शाळेतील मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाची मूलतत्त्वे' असा छापला आहे. विषय भारदस्त आणि व्याख्याता कामगार संघटनेचा कार्यकर्ता. ही जोडी थोडी विजोड आहे खरी. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय माझ्याकडे दिला त्याला कारण आहे. तळोज्याच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या आमच्या सभासदांची मुले दर रविवारी सकाळी संघटनेच्या कचेरीत जमतात, आणि गेली काही वर्षे मी त्यांच्यासंगे इंग्रजी व्याकरणाशी झटापट करीत आहे. माझे स्वतःचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. इंग्रजी शिकलो ते करारपत्रे, कारखान्याचे स्थायी आदेश आणि नोटिसा वाचून, शेजारी कोश उघडा ठेवून. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पंडिताचे शास्त्र नव्हे. कारागिराने आपली हत्यारे दाखवावीत तसे ते आहे.

आपल्या खारघरची स्थिती आपण जाणताच. कोपरा, मुर्बी, पेठ, ओवे ही इथली मूळची गावे. 1970 साली सिडको स्थापन झाली, भातशेतीच्या जागी सेक्टर उभे राहिले आणि देशाच्या चारी दिशांची माणसे इथे येऊन राहिली. आज आगरी घरातले मूल घरात 'मना' म्हणते, शाळेच्या पुस्तकात 'मला' वाचते, जिन्यात शेजारच्या मुलाशी हिंदी बोलते आणि दप्तरात इंग्रजी पुस्तके वागवते. आईबाप पोटाला चिमटा काढून त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. मग पहिलीपासूनच त्या घरात एक चमत्कारिक गोष्ट घडते. आई म्हणते, "अभ्यासाचं मला काही विचारू नको, ते सगळं इंग्रजीत आहे." बाप म्हणतो, "शिकवणी लावू." जी आई त्या मुलाची पहिली शिक्षिका, तीच अभ्यासाच्या खोलीतून आपले पाऊल मागे घेते.

आणि शिकवणीत तरी काय होते? दुसरीतला एक चुणचुणीत मुलगा माझ्याकडे आला. नाम म्हणजे काय, असे विचारताच त्याने 'अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग' हे वाक्य गाडी सुटल्यासारखे म्हणून दाखविले. मी विचारले, "बरं, मग खारघर हे काय?" तो म्हणाला, "स्टेशन." सभागृहात आपण हसलात, पण त्या मुलाचे उत्तर काही चुकीचे नाही. त्याला व्याख्या दिली होती, वस्तू दाखवली नव्हती, इतकेच.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. लहान मुलाला इंग्रजी व्याकरणाचे जेवढे ज्ञान लागते, त्यातले निम्म्याहून अधिक मराठी बोलणाऱ्या आईच्या घरात आधीच पडलेले असते. उरलेले थोडे म्हणजे दोन भाषांतील फरक, आणि तो फरक दाखवायलासुद्धा मराठीच उपयोगी पडते.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या शब्दांच्या आठ जाती आपण सर्वांनी मराठी शाळेत पाठ केल्या. संस्कृतच्या परंपरेत यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग सांगितले होते. मग आपले आठ कुठून आले? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. इंग्रजांनी आपला नमुना लॅटिनवरून घेतला होता आणि लॅटिनवाल्यांनी ग्रीकांकडून. लिहिताना आपण जो स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह देतो, तीही इंग्रजीच्या वाटेनेच मराठीत आली, आणि ती रुजविण्यात मेजर कँडी यांचा मोठा वाटा होता. सांगावयाचे ते असे की, ज्या बाईंनी आपल्या शाळेत 'आंबा हे नाम, गोड हे विशेषण' एवढे शिकून ठेवले आहे, त्यांना 'नाउन' आणि 'ॲडजेक्टिव्ह' हे शब्द ऐकून घाबरायचे काहीएक कारण नाही. पोशाख बदललेला आपलाच पाहुणा आहे तो.

लोकलगाडीत बसले की कानावर पडते, 'पुढील स्टेशन', 'अगला स्टेशन', 'नेक्स्ट स्टेशन'. तिन्ही भाषांत विशेषण आधी आणि नाम मागून. इथे मुलाला शिकवायचे काही उरतच नाही. उलट इंग्रजी इथे सोपी आहे. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल; इंग्रजीत सगळ्यांना एक 'गुड'. आपल्याकडे पाट तो, खुर्ची ती, टेबल ते. इंग्रजीत निर्जीव वस्तू म्हटली की 'इट'. मूल पंख्याला 'ही' आणि खुर्चीला 'शी' म्हणते, तेव्हा ते मूर्ख नसते; मराठीचे लिंग ते प्रामाणिकपणे इंग्रजीत वाहून नेत असते. त्याला रागावू नये. "अरे, हे ओझं इथं खाली ठेव, इंग्रजीत ते लागत नाही," एवढेच सांगावे.

आता थोडा विचार करा. 'राजूने आंबा खाल्ला', पण 'राजूने पोळी खाल्ली'. खाणारा तोच, तरी क्रियापद बदलले. कारण इथे ते कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते. आणि 'राजू आंबा खातो' म्हटले की पुन्हा कर्त्याचे ऐकू लागते. हा नियम कोणी कधी आपल्या मुलाला शिकवला आहे काय? तीन-चार वर्षांचे पोर तो बिनचूक पाळते. इंग्रजीत आंबा असो वा पोळी, राजू असो वा मीना, 'एट' एकच. ज्या पोराने मराठीचा हा घाट चढून दाखवला, त्याला इंग्रजीच्या टेकडीपाशी आणून आपण 'तुला व्याकरण जमत नाही' म्हणतो. मला तर हा त्या पोराचा उघड अपमान वाटतो.

मग खरी अडचण कुठे आहे? ती आहे शब्दांच्या जागेत. माझ्या मते इंग्रजी व्याकरणाचे पहिले मूलतत्त्व हेच आणि त्यावर वर्षभर घालवले तरी हरकत नाही. 'राजूने मीनाला हाक मारली' आणि 'मीनाला राजूने हाक मारली' या वाक्यांत हाक मारणारा राजूच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटलेले आहेत. मराठी नाम हे लोकलमधल्या प्रवाशासारखे असते. तिकीट खिशात आहे, जागा मिळेल तिथे बसते. इंग्रजी नाम नाटकगृहातल्या प्रेक्षकासारखे. त्याची ओळख खुर्चीच्या क्रमांकावरून. 'राजू कॉल्ड मीना' म्हटले तर राजूने हाक मारली. दोघांनी खुर्च्या बदलल्या, 'मीना कॉल्ड राजू' झाले, की हाक मीनाने मारली. पहिली खुर्ची करणाऱ्याची, दुसरी क्रियेची, तिसरी जिच्यावर क्रिया होते तिची.

हे पाठ करून येत नाही. आम्ही मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवतो. एकावर 'राजू', एकावर 'कॉल्ड', एकावर 'मीना'. तिघांना ओळीत उभे करायचे आणि बाकीच्यांनी ओरडून विचारायचे, "कोणी हाक मारली?" मग टोकाच्या दोघांनी जागा बदलायच्या आणि पुन्हा तोच प्रश्न. एकदा 'कॉल्ड'ची पाटी घातलेली मुलगी शेवटी जाऊन उभी राहिली. मराठीत क्रियापद शेवटीच असते ना! तिच्या मैत्रिणींनीच तिला हाताला धरून मधे आणले. अर्ध्या तासात जे झाले ते शिकवणीच्या वहीत महिन्यात होत नाही.

याच जागेच्या नियमाचा आणखी एक पदर आहे. आपण 'टेबलावर' म्हणतो. 'वर' मागे चिकटतो. इंग्रजीत तो पुढे येतो, 'ऑन द टेबल'. गंमत म्हणून मुलांना सांगतो की, मराठीत डबा इंजिनाच्या पुढे जोडला आहे आणि इंग्रजीत मागे. आणि विभक्तीचा जो थोडा अवशेष इंग्रजीत उरला आहे तो सर्वनामांत. 'आय' म्हणजे मी आणि 'मी' म्हणजे मला. हा योगायोग मोठा खट्याळ आहे. मराठी मुलाच्या तोंडून 'मी गो' निघते ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, तर मराठी फार चांगली येते म्हणून.

दुसरी अडचण 'अ' आणि 'द' यांची. हे शब्द मराठीत नाहीत, म्हणून ते शिकवणे कठीण, असे मोठे मोठे लोक म्हणतात. मला हे पटत नाही. शब्द नसतील, पण त्यांचे काम आपल्याकडे चालू आहे. आजी गोष्ट कशी सुरू करते? 'एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', कारण ऐकणाऱ्याची त्याच्याशी ओळख नाही. दुसऱ्या वाक्यात 'तो राजा', कारण आता ओळख झाली. इंग्रजीत पहिल्या राजाला 'अ' आणि दुसऱ्याला 'द'. ज्या घरात गोष्टी सांगितल्या जातात त्या घरातल्या मुलाला हा भेद जन्मापासून ठाऊक आहे. फक्त त्याकडे बोट दाखवायचे. 'द'चे पुढचे बारकावे पुष्कळ आहेत, पण चौथीपर्यंत एवढे पुरे. 'अ' कुठे आणि 'ॲन' कुठे, हे मात्र अक्षर पाहून ठरवू नये, कान लावून ठरवावे. पुस्तकात मुले स्वरांची पाच अक्षरे पाठ करतात आणि 'ॲन युनियन' लिहून मोकळी होतात. युनियन म्हणताना तोंडातून पहिला उच्चार 'य'चा निघतो, म्हणून 'अ युनियन'. उलट तासाला इंग्रजीत 'अवर' म्हणतात; लिहिताना आरंभी 'एच' आहे, पण तो मुका; म्हणून 'ॲन अवर'. युनियन आणि कामाचा तास, दोन्ही शब्द माझ्या धंद्यातले असल्याने मला हा नियम विसरता येत नाही.

'एस' या अक्षराविषयी थोडक्यात. 'बॉय रन्स' आणि 'बॉईज रन'. मुलाला वाटते की 'एस' लागला म्हणजे अनेकवचन. मग 'रन्स' मध्ये तो एका मुलाला कसा? मी त्यांना सांगतो की, या साध्या वाक्यात दोघांमध्ये एकच 'एस' आहे. मुले अनेक असली की तो नामाकडे राहतो. मुलगा एकटा असला की क्रियापदाकडे जातो. 'मेन', 'चिल्ड्रेन' अशा शब्दांना हा हिशेब लागू पडत नाही, पण सुरुवातीला चालतो. पळतो आणि पळतात हा भेद मुलाला माहीत आहेच, तेव्हा कल्पना नवी नाही, खूण तेवढी नवी.

यानंतर प्रश्नार्थक वाक्य. 'तू शाळेत जातोस का?' यातला 'का' काढला आणि आवाज चढवला नाही तर प्रश्न राहत नाही. म्हणजे प्रश्नाचे काम करणारा एक छोटा शब्द आपल्याकडे आहे आणि तो शेवटी बसतो. इंग्रजीत त्या कामाला 'डू' येतो आणि दारात उभा राहतो. 'डू यू गो टु स्कूल?' इंग्रजी व्याकरणात अशा शब्दाला 'हेल्पिंग व्हर्ब' म्हणतात. आमच्या मुलांना हेल्पर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अनेकांचे बाप त्याच हुद्द्यावर आहेत. मुख्य कारागीर आणि त्याचा हेल्पर. एरवी 'ही वेन्ट' या वाक्यात भूतकाळाचे ओझे मुख्य क्रियापद स्वतः उचलते. पण प्रश्न विचारताना हेल्पर आला की ओझे तो उचलतो, 'डिड', आणि कारागीर मोकळा होऊन पुन्हा साधा 'गो' होतो. 'डिड ही गो?' दोघांनी मिळून एकच ओझे कशाला उचलायचे? म्हणून 'डिड ही वेन्ट' होत नाही. हे ऐकल्यावर एका मुलीने विचारले, "मग काका, पगार कोणाला जास्त?" या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही.

आता कोणी म्हणेल की, हे सारे खरे, पण कारखान्यात राबणाऱ्याच्या मुलाला एवढे व्याकरण हवे कशाला? चार वाक्ये बोलता आली म्हणजे झाले. हा विचार मला मान्य नाही. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 साली 'काव्यफुले' प्रसिद्ध केले, त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. तो आग्रह काही ऐटीत बोलता यावे म्हणून नव्हता. कायदा, सत्ता आणि कागद ज्या भाषेत होते, ती भाषा शूद्रातिशूद्रांच्या हाती यावी म्हणून होता. कागद आजही पुष्कळसा त्याच भाषेत आहे.

एका कारखान्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. तिथल्या जुन्या करारात दिवाळीच्या सानुग्रह रकमेचे कलम होते. कामगार वर्षानुवर्षे समजून होते की रक्कम ठरलेली आहे. एका वर्षी ती मिळाली नाही. करार उघडला तर तिथे 'शॅल बी पेड' नव्हते, 'मे बी पेड' होते. 'शॅल' म्हणजे दिलीच पाहिजे, 'मे' म्हणजे वाटले तर देऊ. मराठीतला 'देण्यात येईल' आणि 'देता येईल' यांतला हा फरक. दीडशे घरांची दिवाळी त्या एका हेल्परने खाल्ली.

दुसरे उदाहरण आरोपपत्राचे. त्यात लिहिलेले असते, 'द मशीन वॉज लेफ्ट रनिंग', म्हणजे यंत्र चालू ठेवले गेले. कोणी ठेवले? वाक्यात नाही. करणाऱ्याची पहिली खुर्ची रिकामी करून तिच्यावर यंत्राला बसवले आहे. ज्याला लहानपणी प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' असा प्रश्न विचारायची सवय लागली, तो चौकशीत उभा राहून हाच प्रश्न विचारतो. आणि मी पाहिले आहे, या एका प्रश्नाने चौकशी अधिकारी कागद पुन्हा वाचू लागतात.

तिसरी गोष्ट 'वी' या सर्वनामाची, आणि ती मला सर्वांत आवडते. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत दोहोंना एकच 'वी'. फलकावर नोटीस लागते, 'वी हॅव टु बेअर द लॉस'. याचा अर्थ 'आम्हाला तोटा सोसावा लागेल' असा, की 'आपल्याला' असा? भाषांतर करणारा कारकून बहुधा 'आपल्याला' लिहितो. मी सभासदांना सांगतो की, नफ्याच्या वर्षीची नोटीस काढून तिथे 'वी'चे काय केले आहे ते आधी पाहा. अशा जागी इंग्रजीपेक्षा मराठी अधिक नेमकी आहे, हे मुलांच्या कानावर आवर्जून घालावे. त्याने त्यांची मान ताठ राहते आणि इंग्रजीकडे पाहण्याची नजरही निवळते.

शिक्षणखात्याच्या धोरणाविषयी मी फार बोलणार नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजी आठवीपासून होते. माझ्या वेळी ते पाचवीपासून होते. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते मराठी शाळांतूनही पहिलीपासून सुरू झाले. 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर महाराष्ट्र ढवळून निघाला आणि सरकारला जून महिन्यात आपले निर्णय मागे घ्यावे लागले. भाषा कितवीपासून, यावर इतके रण माजते. ती कशी शिकवावी, यावर अशी एक सभा भरलेली मी पाहिली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एखादी बाई मराठीचा आधार घेऊन इंग्रजी शिकवते, तर पालकच तक्रार करतात की 'बाई मराठीत बोलतात.' पालकांनो, तिला बोलू द्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीच्या आधारानेच शिकल्या. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी पडे, हा दोष खरा. पण तो भरून काढायला मराठीच हद्दपार करावी लागते, हे कोणत्या तर्काने?

घरी काय करावे, असे काही भगिनींनी मला येताना विचारले. रोज दहा मिनिटे पुरतात. मुलाने इंग्रजी वाक्य वाचले की आईने तीन प्रश्न मराठीत विचारावेत. कोण? काय करतो? कोणाला किंवा कशाला? उत्तर मराठीत आले तरी चालेल, पण त्या शब्दावर बोट ठेवायला लावावे. आईला इंग्रजी अक्षरे वाचता येत नसली तरी हे प्रश्न विचारता येतात. आठ-पंधरा दिवसांत ती अक्षरेही ओळखू लागते, असे आमच्या कचेरीत दोन-तीन घरांत झाले आहे. मूल चुकले तर वाक्य मराठीत म्हणून घ्यावे आणि विचारावे, "इंग्रजीत हे कुठल्या खुर्चीवर बसतं?" व्याख्या पाठ करून घेऊ नयेत, त्या शाळेला लागतील तेव्हा आपोआप पाठ होतात.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे. ज्या पाट्यांविषयी बोललो त्यांचा एक खोका मी बरोबर आणला आहे. पुठ्ठे जुन्या औषधांच्या खोक्यांचे आहेत आणि अक्षर मुलांचे आहे, तेव्हा ते वेडेवाकडे दिसेल. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी तो ठेवतो. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा, आणि मुले बरोबर आली असतील तर त्यांना आधी पुढे येऊ द्यावे.